फॉर्ममधली हरवलेली फील्ड्स

प्रस्तावना

"मोबाइल नंबर सेव्ह होत नाहीये." वेब ॲप्लिकेशन सांभाळणाऱ्या कुठल्याही टीमकडे ही तक्रार अधूनमधून येतेच. वापरणारा शपथेवर सांगतो की नंबर टाकला होता, आणि डेटाबेसमध्ये ती जागा रिकामी असते. मग जिथे रिकामी जागा दिसली तिथूनच शोध सुरू होतो. कॉलम तपासला जातो, इन्सर्टची क्वेरी वाचली जाते, कोणीतरी "कॅश क्लिअर करून बघ" म्हणतं, कोणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतं. नंबर मात्र बहुतेक वेळा या सगळ्याच्या कितीतरी आधी, ब्राउझरमधल्या पानावरच राहून गेलेला असतो.

या पुस्तिकेचा सगळा आग्रह शोधाची दिशा उलटी करण्याचा आहे. फील्ड पानावरून निघालंच नसेल, वाटेत गळालं असेल, सर्व्हरच्या दाराशी अडवलं गेलं असेल, किंवा पोचूनही आपण ते भलत्याच नावानं शोधत असू. याच क्रमानं बघत गेलं तर एका तासाचं काम दहा मिनिटांत होतं. उलट क्रमानं गेलं तर दिवस जातो, आणि सुरळीत चाललेल्या चार ओळी उगाच बदलल्या जातात त्या वेगळ्याच. पहिल्या शक्यतेला इथे सर्वांत जास्त पानं दिली आहेत. ते थोडं एकांगी वाटेल, पण दोष सापडतात तेही बहुतेक तिथेच.

फॉर्म मुळात काय पाठवतो हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात सीजीआय ही पद्धत आकाराला आली. गेटनं पाठवलेला फॉर्म क्वेरी स्ट्रिंग नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये मिळायचा. पोस्टनं पाठवलेला स्टँडर्ड इनपुटवर यायचा, आणि त्यातले किती बाइट वाचायचे ते कन्टेन्ट लेंग्थ सांगायची. नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएल २.० चं स्पेसिफिकेशन आरएफसी १८६६ म्हणून आलं, त्यात फॉर्म होते. त्याच महिन्यातल्या आरएफसी १८६७ नं फाइल अपलोडची सोय सुचवली. सर्व्हरला मिळायची ती एक लांबलचक ओळ: नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत, अँपरसँड, पुढचं नाव. पर्लमध्ये लिहिणारा प्रोग्रामर ती ओळ स्वतः तोडायचा, स्पेसच्या जागी आलेली अधिक चिन्हं परत स्पेस करायचा. काम कंटाळवाणं होतं, पण आलेला माल प्रत्येकाच्या डोळ्यांखालून जायचा.

आता ते तोडकाम फ्रेमवर्क करतं. आपल्या हातात येतो तो नीट लावलेला ॲरे किंवा ऑब्जेक्ट. कष्ट वाचले, पण मूळ ओळ नजरेआड झाली, आणि आज फॉर्म 'गूढ' वागतो असं वाटतं त्याचं निम्मं कारण हेच आहे. फॉर्ममध्ये गूढ काही नाही. काय पाठवायचं आणि काय वगळायचं याचे नियम ठरलेले आहेत आणि ब्राउझर ते इमानेइतबारे पाळतो. ते नियम आपल्या अपेक्षेशी जुळत नाहीत, एवढीच अडचण.

पहिला नियम नेमचा. ज्या फील्डला नेम नाही ते जात नाही. आयडी असला तरी नाही. आयडी लेबलसाठी, सीएसएससाठी आणि जावास्क्रिप्टसाठी असतो, सर्व्हरशी त्याचा संबंध नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी सगळ्यांचं राहतं, कारण जावास्क्रिप्टमधून आयडीनं ती व्हॅल्यू वाचता येते, पानावर ती दिसते, व्हॅलिडेशन पास होतं. म्हणजे पानाच्या आतल्या प्रत्येक परीक्षेत ते फील्ड उत्तीर्ण होतं आणि नेमकं पाठवताना वगळलं जातं.

दुसरा नियम डिसेबल्डचा, आणि त्यावर जरा थांबायला हवं. डिसेबल केलेलं फील्ड जात नाही, रीडओन्ली केलेलं जातं. पानावर दोघांचं काम एकच वाटतं: वापरणाऱ्याला हात लावू न देणं. समजा, एका अर्जात लॉगिनवरून जिल्हा आधीच भरलेला आहे आणि तो कोणी बदलू नये म्हणून ड्रॉपडाउन डिसेबल केला आहे. स्क्रीनवर 'सातारा' ठळक दिसतं, वापरणारा तालुका निवडून अर्ज पाठवतो, आणि सर्व्हरकडे जिल्ह्याविना तालुका पोचतो. ड्रॉपडाउनला रीडओन्ली लागूही होत नाही, त्यामुळे सरळ पर्याय बदलून चालत नाही. हिडन फील्ड जोडावं लागतं, किंवा त्याहून बरं म्हणजे जिल्हा सर्व्हरनंच सेशनमधून घ्यावा. तो बदलायचा नाहीच, तर ब्राउझरकडून मागायचा कशाला? फील्डसेट डिसेबल केला तर त्याच्या पोटातली सगळी फील्ड्स एका दमात वगळली जातात. याच्या अगदी उलट गैरसमज सीएसएसबद्दल आहे. डिस्प्ले नन करून लपवलेलं फील्ड व्यवस्थित पाठवलं जातं. न दिसणारं निघतं आणि समोर दिसणारं डिसेबल्ड निघत नाही. डोळ्यांवर विश्वास ठेवणाऱ्याची इथे पंचाईत होते.

मग चेकबॉक्स. टिक नसलेला चेकबॉक्स 'नाही' असं पाठवत नाही. तो काहीच पाठवत नाही. नवी नोंद करताना हे खपून जातं, भानगड दुरुस्तीच्या फॉर्मवर होते. 'मला एसएमएस पाठवा' ही टिक वापरणाऱ्यानं काढली आणि सेव्ह केलं. सर्व्हरवरचा कोड म्हणतो, हे फील्ड आलं असेल तर बदल कर. ते आलंच नाही, जुनी किंमत तशीच राहिली, आणि त्या माणसाला एसएमएस येत राहिले. कोडमध्ये चूक दाखवता येत नाही, तो सावधपणेच लिहिलेला आहे. रेल्सनं यावर जुनी युक्ती वापरली आहे: चेकबॉक्सच्या आधी त्याच नेमचं एक हिडन फील्ड, किंमत शून्य. टिक असेल तर दोन्ही जातात आणि नंतरचं धरलं जातं, टिक नसेल तर निदान शून्य पोचतं. पीएचपीतही एकाच नेमच्या दोन किमती आल्या तर शेवटची टिकते, त्यामुळे तिथेही युक्ती चालते. मात्र त्याच कारणानं पाच आवडीनिवडींच्या पाच चेकबॉक्सना एकच साधा नेम दिला तर हाती एकच आवड येते. नेमच्या शेवटी चौकटी कंसांची रिकामी जोडी लावली की मगच पीएचपी त्यांचा ॲरे करतं.

बटणाचंही असंच. ज्या बटणानं फॉर्म पाठवला गेला त्याचंच नाव जातं. 'मसुदा ठेवा' आणि 'अर्ज पाठवा' अशी दोन बटणं असतील तर कुठलं दाबलं हे त्यावरूनच कळतं. आता डबल क्लिकनं पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून कोणीतरी सबमिटच्या इव्हेंटमध्ये बटण डिसेबल करतं. हेतू चांगला आहे. पण ब्राउझर फील्ड्सची यादी त्या इव्हेंटनंतर करतो, तोवर बटण डिसेबल झालेलं असतं, आणि वरच्या नियमानं ते वगळलं जातं. एका बगच्या उपायातून दुसरा बग जन्मतो, आणि दोघांमध्ये सहा महिन्यांचं अंतर असेल तर संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही. जावास्क्रिप्टमधून फॉर्मची सबमिट ही मेथड थेट बोलावली तरी बटणाचं नाव जात नाही, रिक्वेस्टसबमिट वापरून बटण सांगितलं तर जातं.

फॉर्मच्या पोटात फॉर्म चालत नाही. आतला फॉर्म टॅग पार्सर दुर्लक्षित करतो, पण आतल्या फॉर्मचा शेवटचा टॅग मात्र बाहेरच्या फॉर्मला बंद करतो, आणि त्यापुढची फील्ड्स अनाथ होतात. हे मुद्दाम कोणी करत नाही. हेडरमधला सर्चचा फॉर्म एका टेम्प्लेटमध्ये, मुख्य फॉर्म दुसऱ्यात, आणि दोन्ही जोडणारं लेआउट तिसऱ्याच माणसाचं, असं असलं की होतं. एवढं सांगून पुढे जातो, कारण इन्स्पेक्टरमध्ये डॉम उघडून बघितला की हे लगेच दिसतं.

वाटेत गळण्याचं सर्वांत फसवं कारण रीडायरेक्ट. पोस्ट केलेल्या विनंतीला सर्व्हरनं ३०१ किंवा ३०२ असं उत्तर दिलं, तर ब्राउझर नव्या पत्त्यावर जातो खरा, पण गेटनं, आणि सोबतचा सगळा मजकूर मागे ठेवून. सरकारी कचेरीत पहिल्या खिडकीवर फाइल दिली, तिथून 'तीन नंबरला जा' म्हणून हात दाखवला, आणि तीन नंबरवाला विचारतो, कागद कुठे आहेत? सुरुवातीच्या स्पेसिफिकेशन्सना हे अभिप्रेत नव्हतं, पण ब्राउझर तसं वागत राहिले, आणि २०१४ च्या आरएफसी ७२३१ नं 'ऐतिहासिक कारणांमुळे' म्हणत ते वागणं मान्य करून टाकलं. मेथड आणि मजकूर दोन्ही राखून पुढे पाठवायचं असेल तर ३०७ किंवा ३०८ लागतो.

हे रीडायरेक्ट बहुधा आपण लिहिलेलेच नसतात. ॲक्शनमध्ये शेवटची तिरकी रेघ राहिली, तो पत्ता फोल्डरचा निघाला, आणि अपाचीनं आपणहून रेघ लावून परत पाठवलं. किंवा साइट एचटीटीपीएसवर नेली आणि जुन्या फॉर्मच्या ॲक्शनमध्ये एचटीटीपीचा पूर्ण पत्ता तसाच राहिला. डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्टची फुकट सर्टिफिकेट्स सर्वांना मिळू लागली, जुलै २०१८ मध्ये क्रोम ६८ नं साध्या एचटीटीपी साइट्सना 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारायला सुरुवात केली. त्या काळात घाईनं स्थलांतर केलेल्या साइट्समध्ये असे फॉर्म अजून सापडतात. जँगोनं इथे शहाणपणा केला आहे. डेव्हलपमेंटमध्ये रेघेविना पत्त्यावर पोस्ट केलं तर ते सरळ एरर देतं आणि डेटा टिकणार नाही असं कारण सांगतं. बाकी ठिकाणी पान शांतपणे उघडतं, २०० चा कोड देतं, आणि फॉर्म कोरा असतो.

सर्व्हरच्या दाराशी होणारी अडवणूक ही एका हल्ल्याची देणगी आहे. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये अलेक्झांडर क्लिंक आणि यूलियान वेल्डे यांनी दाखवून दिलं की मुद्दाम निवडलेल्या नावांची हजारो फील्ड्स एकाच पोस्टमध्ये पाठवली तर सर्व्हरच्या हॅश टेबलमध्ये त्यांची टक्कर होत राहते आणि प्रोसेसर त्यातच गुंतून पडतो. पीएचपी, जावा, पायथन, एएसपी डॉट नेट असे बरेच जण कचाट्यात होते. मायक्रोसॉफ्टनं त्याच महिन्यात एएसपी डॉट नेटसाठी १००० ची मर्यादा आणली. पीएचपीनं जानेवारी २०१२ मध्ये ५.३.९ या आवृत्तीत मॅक्स इनपुट व्हार्स हे सेटिंग दिलं, तेही १००० वर. त्या घाईच्या दुरुस्तीतच नवं भोक राहिलं आणि फेब्रुवारीत ५.३.१० काढावी लागली. कोल्डफ्यूजनसाठी अडोबीनं मार्चमध्ये जो हॉटफिक्स काढला त्यात मर्यादा फक्त १०० होती. त्यामुळे काल चालणारे मोठे फॉर्म दुसऱ्या दिवशी पडले, आणि प्रोग्रामरनी तर काहीच बदललं नव्हतं.

कोल्डफ्यूजन निदान एरर देऊन थांबायचं. जँगोही १००० च्या पुढे विनंती नाकारतं. पीएचपी मात्र पहिली हजार फील्ड्स ठेवतं, बाकीची टाकून देतं, लॉगमध्ये एक वॉर्निंग लिहितं आणि काम पुढे चालवतं. ७० विद्यार्थ्यांच्या वर्गाचा गुणपत्रक भरायचा फॉर्म घ्या, प्रत्येकी १५ रकाने. एकूण १०५०. पहिल्या ६६ जणांचे गुण नीट जातात, सदुसष्टाव्याचे दहा रकाने जातात, आणि हजेरीपटावरच्या शेवटच्या तिघांचं काहीच पोचत नाही. पान म्हणतं, 'यशस्वीरीत्या जतन केलं.' पन्नासच्या वर्गावर चाचणी झालेली असते, तिथे हे दिसतच नाही. सीएसआरएफचं टोकन फॉर्मच्या शेवटी ठेवलं असेल तर तेही कापलं जातं आणि 'सेशन संपलं' असा संदेश येतो, मग टीम दोन दिवस सेशनच्या मागे. वर्डप्रेसमध्ये मोठे मेन्यू सेव्ह करताना खालच्या नोंदी गळायच्या, त्यामागेही हीच मर्यादा होती.

आकाराची मर्यादा याहून वेगळी वागते. पीएचपीचं पोस्ट मॅक्स साइझ मुळात ८ एमबी असतं. पोस्ट त्याच्यापुढे गेली तर अर्धवट काही मिळत नाही, अख्खा पोस्टचा ॲरे रिकामा येतो, नावागावासकट. 'फोटो जोडला की नाव जातं' अशी चक्रावणारी तक्रार आली की हे आधी बघावं. पुढे एन्जिनएक्स असेल तर त्याची मर्यादा त्याहून कडक, न बदलल्यास १ एमबी, पण ते ४१३ असं स्पष्ट उत्तर तरी देतं.

देवनागरीचा हिशेब इथे वेगळा मांडावा लागतो, आणि आपल्याकडच्या फॉर्मसाठी तो कोणी मांडत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. साध्या फॉर्मच्या एन्कोडिंगमध्ये प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात: टक्क्याचं चिन्ह आणि दोन हेक्स अंक. म्हणजे 'नाव' या शब्दातली तीन चिन्हं, काना धरून, तारेवर २७ अक्षरं होऊन जातात. इंग्रजीत चाचणी केलेला तक्रारीचा फॉर्म मराठीत भरला की नऊपट फुगतो. फॉर्म चुकून गेटनं जात असेल (मेथड लिहायची राहिली की गेटच धरतात), तर इंटरनेट एक्सप्लोररची पत्त्याची २०८३ अक्षरांची मर्यादा जेमतेम २३० देवनागरी चिन्हांत संपायची. लांब मजकुरासाठी मल्टिपार्ट वापरला तर हा फुगवटा टळतो, तिथे बाइट जसेच्या तसे जातात. अंकांचं दुखणं निराळं. वापरणाऱ्यानं '५' असं देवनागरीत लिहिलं आणि पीएचपीत त्याचं सरळ पूर्णांकात रूपांतर केलं तर उत्तर शून्य येतं. फील्ड आलं, किंमत आली, आणि तरी हाती काही नाही.

शून्याची आणखी एक खोड आहे. पीएचपीचं एम्प्टी हे फंक्शन शून्य या अक्षरालाही रिकामं मानतं. 'अपत्यांची संख्या' या प्रश्नाला ० हे प्रामाणिक उत्तर दिलेल्या माणसाला फॉर्म पुन्हा पुन्हा 'हे फील्ड आवश्यक आहे' म्हणून परत पाठवतो. न आलेलं, रिकामं आलेलं आणि शून्य आलेलं, या तीन अवस्था कोडमध्ये वेगळ्या ठेवायला शिकलं की या पुस्तिकेतलं अर्धं काम झालं असं मी धरतो.

नाव बदलून बसलेल्या फील्ड्सचा उगम पीएचपीच्या बालपणात आहे. रास्मुस लेर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये काढलेल्या पीएचपी/एफआयमधला एफ फॉर्मचाच होता. तेव्हा फॉर्ममधलं प्रत्येक फील्ड थेट व्हेरिएबल व्हायचं, आणि व्हेरिएबलच्या नावात टिंब किंवा स्पेस चालत नाही, म्हणून तिथे अंडरस्कोर घातला जायचा. रजिस्टर ग्लोबल्सची ती सोय असुरक्षित म्हणून एप्रिल २००२ मध्ये ४.२.० पासून बंद ठेवली गेली, मार्च २०१२ मध्ये ५.४ मधून काढूनच टाकली. दोन्ही वेळा होस्टिंगवाल्यानं आवृत्ती बदलली की जुन्या साइट्सचे फॉर्म एका रात्रीत कोरे झाले. सोय गेली, अंडरस्कोर राहिला. आजही टिंब असलेला नेम टिंबासकट शोधाल तर मिळणार नाही.

जावास्क्रिप्टनं फेचमधून पाठवायला सुरुवात झाल्यावर एक नवा वर्ग तयार झाला: सगळं निघतं, सगळं पोचतं, आणि सर्व्हरला वाचता येत नाही. जेसनमध्ये पाठवलेला मजकूर पीएचपीच्या पोस्ट ॲरेत उतरत नाही, तो कच्च्या इनपुटमधून वाचून उलगडावा लागतो. एक्सप्रेसमध्ये योग्य मिडलवेअर लावलं नाही तर बॉडी अनडिफाइन्ड, आणि जेसनचं लावलं म्हणून मल्टिपार्ट चालेल असं नाही. सर्वांत जास्त दिसणारी चूक फॉर्मडेटाची आहे. तो पाठवताना कोणीतरी काळजीपूर्वक कन्टेन्ट टाइपचा हेडर स्वतः लिहितं. मल्टिपार्टमध्ये भाग वेगळे करणारी खूण, म्हणजे बाउंड्री, त्याच हेडरमध्ये ब्राउझर घालत असतो. आपण हेडर लिहिला की ती खूण जाते, आणि सर्व्हरला कुठला भाग कुठे संपतो ते कळत नाही. ती ओळ खोडली की फॉर्म चालू लागतो. नवशिक्यांना हा उपाय पटायला वेळ लागतो.

शोधायचं साधन सर्वांच्या ब्राउझरमध्ये आहे. डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा, प्रिझर्व्ह लॉगवर टिक करा (नाहीतर पान बदलताच नोंदी पुसल्या जातात), फॉर्म पाठवा, आणि पहिल्या विनंतीचा पेलोड वाचा. शक्यतो सजवलेला नाही, मूळ रूपातला. फील्ड तिथे नसेल तर सर्व्हरचा कोड उघडायची गरज नाही. असेल, पण त्याच्याखाली गेटची दुसरी विनंती दिसत असेल, तर रीडायरेक्ट. एकच विनंती असेल तर सर्व्हरवर, फ्रेमवर्कनं हात लावण्याआधी, आलेले बाइट आणि कन्टेन्ट टाइप लॉगमध्ये उतरवा. एक पथ्य पाळा. त्या कच्च्या मजकुरात पासवर्ड आणि आधार क्रमांकही असतात. चाचणीच्या सर्व्हरवर, बनावट माहिती भरूनच हे करावं, आणि काम झालं की ती लॉगची ओळ काढावी. तीच ओळ प्रॉडक्शनवर महिनोन्‌महिने राहिलेली दिसते तेव्हा हरवलेला मोबाइल नंबर ही किरकोळ अडचण ठरते.

या पुस्तिकेत तुकड्यातुकड्यांनी होणारे मोठे फाइल अपलोड घेतलेले नाहीत, आणि रिॲक्ट किंवा अँग्युलरच्या आतली स्टेटची गुंतागुंतही नाही. तिथे फील्ड हरवतं ते फॉर्म तयार होण्याआधीच, आणि तो विषय स्वतंत्र आहे. उदाहरणं मुख्यतः पीएचपीची आहेत, कारण जुने आणि अजून रोज वापरात असलेले फॉर्म जास्त तिथेच आहेत. इतर भाषांमध्ये काम करणाऱ्यांनी पहिली तीन प्रकरणं जशीच्या तशी वाचावीत, ब्राउझरचे नियम सगळ्यांना सारखेच आहेत. चौथ्यापासून आपापल्या फ्रेमवर्कचं मॅन्युअल शेजारी उघडं ठेवावं, मर्यादांच्या प्रकरणाला तर ठेवावंच, कारण तिथले आकडे आवृत्तीगणिक बदलतात.